हार्मोनियमचे धडे, जुना कॉम्प्युटर आणि व्हिडिओ एडिटिंग : ठाण्यातल्या एका कामाच्या नोंदी

७ जून २०२५, शनिवार

काम असं आहे. नौपाड्यात आमच्या हार्मोनियमच्या बाई राहतात, वय सत्तरीपुढे. गुडघ्यांमुळे क्लास आता आठवड्यातून एकदाच होतो. मधल्या दिवसांत मुलांनी घरी काय बघून वाजवायचं, म्हणून सुरुवातीचे धडे व्हिडिओ करून द्यायचं ठरलंय : अलंकार (स्वरांचे सरावाचे पलटे), आणि भूप, यमन, भैरव हे राग. गुरुपौर्णिमा १० जुलैला आहे, त्या दिवशी प्रत्येकाच्या हातात पेनड्राइव्ह पडला पाहिजे. शूटिंग दोन मोबाइलवर, एक समोरून आणि एक वरून, थेट पट्ट्यांवर रोखलेला. आवाज वेगळ्या छोट्या रेकॉर्डरवर. एडिटिंग माझ्याकडे आलं, कारण कॉम्प्युटर माझ्याकडे आहे. याहून वेगळी पात्रता नाही.

कॉम्प्युटर म्हणजे इंटेलचा चौथ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, ४ जीबी रॅम, साधी हार्ड डिस्क, विंडोज १०. वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. विंडोज ११ यावर चढत नाही, त्याला इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची लागते. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ पर्यंतच. नवीन मशीन घे, असं सगळे सांगतात. पैसे मात्र कोणी काढत नाही.

८ जून, रविवार

सकाळ सॉफ्टवेअर शोधण्यात गेली. नेटवरच्या 'दहा सर्वोत्तम'छाप याद्या वाचून काही हाती लागलं नाही, कारण त्यात वैशिष्ट्यं सगळी असतात आणि ते सॉफ्टवेअर कोणत्या मशीनवर चालणार हे नसतं. म्हणून उलट्या बाजूने गेले. आधी प्रत्येकाला रॅम किती लागते ते पाहिलं.

दाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती भल्याभल्यांना पुरते, पण ते १६ जीबी रॅम आणि बरं ग्राफिक्स कार्ड मागतं. आमच्याकडे दोन्ही नाही. बाद.

क्लिपचॅम्प २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टने घेतलं. फुकटात १०८०पी पर्यंत एक्सपोर्ट (एडिट झालेल्याची तयार व्हिडिओ फाइल) देतं, व्हिडिओवर शिक्का मारत नाही, आणि वापरायला खरंच सोपं आहे. पण खातं उघडून लॉगिन करायला लागतं, नेट लागतं. मला काही काम बाईंच्या घरी बसून त्यांच्यासमोर करायचंय आणि तिथे नेट म्हणजे माझा मोबाइल. ज्यांच्या घरी वायफाय आहे आणि ज्यांना वाढदिवसाचा व्हिडिओ करायचाय, त्यांनी पुढचं काही न वाचता हेच घ्यावं.

एक पैसेवालं सॉफ्टवेअर ट्रायलवर टाकलं. दिसायला देखणं, पण तयार व्हिडिओच्या मधोमध स्वतःचं नाव छापतं आणि ते काढायला वर्गणी. काढून टाकलं.

ऑफिसात दोघांनी 'मूव्ही मेकर टाक की' म्हणून सुचवलं. मायक्रोसॉफ्टने ते जानेवारी २०१७ मध्येच बंद केलंय. त्या नावाने नेटवर ज्या सेटअप फाइली मिळतात, त्यांच्या नादी लागू नका.

उरले शॉटकट आणि केडेनलाइव्ह. दोन्ही फुकट, दोन्ही मुक्त स्रोत, आणि आतलं इंजिन दोघांचं एकच, एमएलटी नावाचं. शॉटकटच्या स्वतःच्या माहितीत स्पष्ट लिहिलंय : साध्या दर्जाच्या व्हिडिओला ४ जीबी रॅम, एचडीला ८, फोर-केला १६. असं रोखठोक लिहिलेलं बघून बरं वाटलं. म्हणजे रॅम वाढवायचीच आहे, पण ८ वर भागतंय.

१४ जून, शनिवार

बाईंकडे भूपचा धडा शूट केला. सलग वीस मिनिटं. वरचा मोबाइल टेबललॅम्पच्या क्लॅम्पला बांधला (क्लॅम्प ३५० रुपये, स्टेशनजवळ). संध्याकाळी घरी येऊन, रॅम अजून आलेली नसताना, आधीपासून मशीनवर असलेल्या एका साध्या एडिटरमध्ये फाइल टाकली आणि दोन-चार ठिकाणी कापून बाईंना पाठवली.

अर्ध्या तासात फोन. "अगं, हे मी वाजवलेलं नाही. बोट गंधारावर आहे आणि ऐकू येतोय रिषभ."

मला मोबाइलच्या स्क्रीनवर काही कळलं नव्हतं. पुन्हा पाहिलं. सुरुवातीला सगळं जुळतंय, दहाव्या मिनिटाला शंका येते, शेवटाकडे बोट आधी पडतं आणि सूर मागून चालत येतो. भाषणाच्या व्हिडिओत हे खपलं असतं. हार्मोनियमच्या धड्यात नाही, कारण तिथे बोट आणि सूर हाच धडा आहे.

मग मीडियाइन्फो टाकलं. फुकट आहे, छोटं आहे, व्हिडिओ फाइलच्या पोटात काय आहे ते दाखवतं. फ्रेम रेटसमोर लिहिलेलं : व्हेरिएबल. म्हणजे मोबाइल सेकंदाला ३० चित्रं घेतो असं म्हणतो, पण प्रत्यक्षात कधी कमी घेतो, कधी जास्त. उजेड कमी पडला की प्रत्येक चित्राला जास्त वेळ द्यायला लागतो, म्हणून चित्रं कमी. बाहेर आभाळ भरलेलं, खोलीत एक ट्यूब. एडिटरने मात्र सगळीकडे ३० धरूनच हिशोब केला, आणि चित्र आवाजाच्या पुढे पळालं.

१५ जून, रविवार

हीच फाइल शॉटकटमध्ये उघडली. उघडताच त्याने विचारलं, हिचा फ्रेम रेट बदलता आहे, एडिटिंगला सोयीची करून घेऊ का? तिथेच माझी निवड झाली. केडेनलाइव्हला कमी लेखत नाही, पण जी अडचण मला काल नडली ती या सॉफ्टवेअरने मी न सांगता दाराशी ओळखली.

रूपांतराचे तीन दर्जे देतात. मधला घेतला, चांगलं तेच घ्यावं म्हणून. साधारण अडीच जीबीची फाइल तीस जीबींच्या वर गेली आणि हार्ड डिस्क लाल झाली. दुपार त्यातच गेली. रात्री सगळ्यात खालचा दर्जा लावून पुन्हा केलं. आकार आवाक्यात, आणि आमच्या १०८०पी व्हिडिओत डोळ्यांना फरक शून्य.

याचा दुसरा फायदा अनपेक्षित होता. मोबाइल जागा वाचवायला मोजकीच चित्रं पूर्ण साठवतो आणि मधल्या चित्रांचे फक्त बदल लिहून ठेवतो. त्यामुळे टाइमलाइनवर (एडिटरमधली, तुकडे ओळीने मांडायची पट्टी) मागे-पुढे सरकलं की मशीनला दरवेळी मागचं पूर्ण चित्र शोधून तिथून हिशोब करत यावं लागतं. खालच्या दर्जाच्या रूपांतरात प्रत्येक चित्र पूर्ण असतं. जुना आय-थ्री एकदम शहाण्यासारखा वागायला लागला. प्रॉक्सी, म्हणजे एडिटिंगपुरती लहान प्रत, करावी लागेल असं गृहीत धरलं होतं, लागली नाही. प्रीव्ह्यू मात्र ५४०पी वर ठेवलाय.

१७ जून, मंगळवार, रात्री

८ जीबीची जुनी डीडीआर-थ्री रॅम ९०० रुपये, २४० जीबीचा एसएसडी १,६०० रुपये. दोन्ही लॅमिंग्टन रोडवरून ऑफिसातल्या एकाने आणून दिलं. रॅमची जुनी कांडी काढून नवी बसवली, चालू झालं नाही, काढून खोडरबराने पाय घासले, पुन्हा बसवली, चालू झालं.

या दोन वस्तूंमध्ये एकच परवडत असेल तर आधी रॅम घ्या.

२१ जून, शनिवार

भूप पुन्हा, शिवाय यमन. या वेळी बदललेलं असं :

वरून शूट करणारा मोबाइल बाईंच्या भाच्याचा. त्याच्या फाइली एच.२६५ मध्ये (व्हिडिओ दाबून साठवायची नवी पद्धत) येत होत्या. जागा निम्मी लागते, पण आमच्या पिढीच्या प्रोसेसरमध्ये ते उलगडणारा वेगळा भागच नाही, सगळा भार मुख्य प्रोसेसरवर येतो. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन एच.२६४ ही आधीची पद्धत केली.

ट्यूबलाइटखाली व्हिडिओत आडवे पट्टे सरकत होते. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये शटर (एका चित्राला मिळणारा वेळ) १/५० सेकंदावर बांधला, पट्टे गेले. फोकसही बांधून ठेवला, कारण बाईंच्या बांगड्या हलल्या की कॅमेरा पट्ट्या सोडून बांगड्यांमागे धावायचा.

खिडकीशेजारी बसवलं आणि आणखी एक एलईडी लावला. उजेड वाढल्याबरोबर मीडियाइन्फोतला चढउतारही कमी झाला. तरी फाइल रूपांतरित केल्याशिवाय वापरत नाहीये.

दोन्ही मोबाइल फ्लाइट मोडवर. गेल्या वेळी भूपच्या आलापात कुरिअरवाल्याचा फोन आला होता.

धडे आता पाच-सहा मिनिटांचे. एक कारण तांत्रिक : रेकॉर्डर आणि मोबाइल यांची घड्याळं अगदी तंतोतंत एका चालीची नसतात, सलग वीस मिनिटांत दोघांमध्ये काही फ्रेमचं अंतर पडतं, सहा मिनिटांत ते लक्षात येण्याइतकं होत नाही. दुसरं कारण बाईंनी सांगितलं. "वीस मिनिटं कोण बघतंय? मुलं पहिली दोनच बघतात."

२२ जून, रविवार

आजचा दिवस मजेशीर वाया गेला, म्हणून सविस्तर लिहिते.

रेकॉर्डरचा आवाज चांगला, मोबाइलचा टुकार. म्हणून मोबाइलच्या आवाजावर रेकॉर्डरचा आवाज जुळवून बसवायचा आणि मग मोबाइलचा बंद करायचा. हे आपोआप करायची सोय असते : दोन्ही आवाजांचे आकार (स्क्रीनवर दिसणाऱ्या लाटा) ताडून सॉफ्टवेअर एकाला दुसऱ्याखाली सरकवतं. अलंकारांच्या धड्यात झटक्यात बसलं. यमनच्या धड्यात बसलं असं वाटलं, पण ऐकलं तर बाई स्थायीवर आणि आवाज पुढच्या ओळीवर.

अंतर मोजलं. बरोबर १२ सेकंद.

१२ हा आकडा बघितल्यावर डोक्यात प्रकाश पडला. बाई तबल्याच्या यंत्रावर तीनताल लावतात, लय ८०. सोळा मात्रा, मिनिटाला ८०, म्हणजे एक आवर्तन १२ सेकंदांचं. यंत्राचा ठेका दर आवर्तनाला हुबेहूब तोच. मोबाइलपासून हार्मोनियम हातभर लांब होती आणि तबल्याचं यंत्र शेजारीच, त्यामुळे मोबाइलच्या आवाजात ठेकाच जास्त. सॉफ्टवेअरला एक समेपासूनचं (तालाच्या पहिल्या मात्रेपासूनचं) आवर्तन पुढच्या समेपासूनच्या आवर्तनासारखंच दिसलं आणि त्याने एक आवर्तन पुढे नेऊन जुळवलं. त्याच्या परीने चोख काम. हाडामासाचा तबलजी असता तर दोन आवर्तनं अशी सारखी आलीच नसती.

उपाय जुनाच : टाळी. शूटिंग सुरू झाल्यावर, ठेका लावायच्या आधी, दोन्ही कॅमेऱ्यांना दिसेल अशी एक टाळी. हार्मोनियमच्या सुराचा आकार भात्याबरोबर हळूहळू फुगत जातो, नेमकी सुरुवात कुठली ते बघून कळत नाही. टाळीचा मात्र सुईसारखा उभा काटा दिसतो. तिन्ही फाइलींतले काटे एकाखाली एक आणायचे, मोठं करून एका फ्रेमपर्यंत सरकवायचे. २५ फ्रेमच्या व्हिडिओत एक फ्रेम ४० मिलिसेकंद, ३० च्या व्हिडिओत ३३. शेवटीही एक टाळी घेतली की अंतर पडलंय का तेही तपासता येतं.

यमनच्या या शूटिंगमध्ये टाळी नव्हती. पण सुरुवातीला बाईंनी हार्मोनियमचा पुढचा खटका उघडला त्याचा 'टक्' सापडला. त्यावर भागलं.

२८ आणि २९ जून

अक्षरं.

पडद्याखाली स्वर लिहून यायला हवेत, भातखंडे यांच्या स्वर लिहायच्या पद्धतीने. आधी साधी मराठी तपासली. कोणत्याही एडिटरची परीक्षा घ्यायला माझी ओळ ठरलेली आहे : 'पुऱ्या, कैऱ्या, ज्ञानेश्वर, स्थायी, षड्ज'. एका सॉफ्टवेअरच्या तयार टायटलमध्ये 'पुऱ्या'च्या जागी र, पाय मोडल्याची खूण आणि य असे तिघे वेगवेगळे उभे राहिले. शॉटकटच्या साध्या मजकूर फिल्टरमध्ये जोडाक्षरं नीट आली. फॉन्ट युनिकोड हवा, जुन्या डीटीपीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं इथे चिकटवलं तर वेगळीच लिपी उमटते. मी नोटो सान्स देवनागरी वापरला.

स्वरांचा प्रश्न वेगळा. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र सप्तकाला खाली टिंब, तार सप्तकाला वर टिंब. टिंबांचं सोपं आहे : तार षड्ज 'सां', मंद्र धैवत 'ध़', अनुस्वार आणि नुक्ता देऊन काम होतं. रेघांसाठीही युनिकोडमध्ये चिन्हं आहेत, वेदपाठातल्या अनुदात्त-उदात्ताची. 'ग॒', 'म॑' अशी बरी दिसतात. पण 'रे॒' आणि 'नि॒' यांच्याखालची रेघ कुठे अक्षराच्या एका बाजूला सरकते, कुठे बारीक होते, आणि टीव्हीवर लांबून दिसतच नाही. भैरवमध्ये रे आणि ध दोन्ही कोमल. रेघ दिसली नाही तर मुलं बिलावल, म्हणजे सगळे शुद्ध स्वर, वाजवतील.

बाईंना दाखवलं. चष्मा कपाळावर सारून त्या स्क्रीनजवळ आल्या. "ही रेघ आहे का धूळ आहे?"

मग मजकूर फिल्टरचा नाद सोडला. इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक स्वर मोठ्या अक्षरात टाइप केला, रेघा आणि टिंबं हाताने जाड काढली, आणि प्रत्येकाचं पारदर्शक पार्श्वभूमीचं पीएनजी चित्र केलं. बारा स्वर, तीन सप्तकं. शॉटकटमध्ये ही चित्रं वरच्या ट्रॅकवर नुसती ओढून टाकायची. एकदा केलेली मेहनत, आता कुठल्याही रागाला चालते, आणि उद्या सॉफ्टवेअर बदललं तरी चित्रं तीच. या दोन दिवसांत एकही धडा पुढे सरकला नाही, पण सगळ्या कामातला सगळ्यात टिकाऊ भाग हाच.

२ जुलै, बुधवार

पाऊस, आणि यमनचं एक्सपोर्ट ऐंशी टक्क्यांवर असताना लाइट गेली. परत आल्यावर फोल्डरमध्ये चांगली मोठी एमपी-फोर फाइल होती, पण उघडेना. एमपी-फोरमध्ये कुठलं चित्र कुठे आहे याची यादी सहसा अगदी शेवटी लिहिली जाते. ती लिहायच्या आत वीज गेली तर बाकी सगळं असून उपयोग नाही. प्रोजेक्ट फाइल सुखरूप होती. पुन्हा एक्सपोर्ट, रात्री झोपताना लावलं.

याच निमित्ताने फोल्डरची शिस्त लावली. शॉटकटच्या प्रोजेक्ट फाइलमध्ये व्हिडिओ नसतो, व्हिडिओ कुठे ठेवलाय त्याचा पत्ता असतो. एका धड्याचं एक फोल्डर, प्रोजेक्ट आणि सगळ्या फाइली त्यातच. असं ठेवलं की अख्खं फोल्डर एक्स्टर्नल डिस्कवर उचलून बाईंच्या भाच्याच्या लॅपटॉपवर लावता येतं आणि काही हरवत नाही. शॉटकटची इन्स्टॉल न करता चालणारी झिप आवृत्ती आहे, तीही त्याच डिस्कवर ठेवलीय.

५ जुलै, शनिवार

एक्सपोर्टची सेटिंग : १०८०पी, ३० फ्रेम, एच.२६४, आवाज एएसी ४८ किलोहर्ट्झ. दर्जा टक्क्यांत ठरवायची सोय आहे, ६० वर ठेवला. सहा मिनिटांच्या धड्याला आमचं मशीन साधारण पंधरा मिनिटं घेतं. चालेल.

३२ जीबीचे पेनड्राइव्ह घाऊक घेतले, नग २८० रुपये. पहिला माझ्या टीव्हीला लावला, चालला. बाईंच्या जुन्या टीव्हीने ओळखच दिली नाही. पेनड्राइव्हचा फॉरमॅट (आत फाइली मांडायची पद्धत) एक्सफॅट होता, तिथे फॅट३२ लागतं. फॅट३२ मध्ये एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी चालत नाही, पण आमचे धडे त्याच्या आसपासही नाहीत. सगळे पेनड्राइव्ह फॅट३२ करून मग भरले.

१० जुलै, गुरुवार, गुरुपौर्णिमा

वाटले. भैरव वगळून. त्याच्या शूटिंगमध्ये खिडकीच्या पत्र्यावरचा पाऊस इतका आलाय की मंद्र सप्तक ऐकू येत नाही. ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमधून आवाज साफ करून पाहिला. पाऊस कमी झाला, पण हार्मोनियम नळातून वाजल्यासारखी झाली. बाई म्हणाल्या, "ते मुलांना देऊ नकोस, कान बिघडतील."

१३ जुलै, रविवार

तीन दिवसांत आलेल्या तक्रारी.

एका पालकांनी यमनचा धडा व्हॉट्सअ‍ॅपवर साधा व्हिडिओ म्हणून पुढे पाठवला, तिकडे पट्ट्या धूसर. डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगितलं. तसं पाठवलं की दाबून लहान होत नाही, २ जीबीपर्यंत जातं.

दोघांनी विचारलं, वरच्या कॅमेऱ्यात हार्मोनियम उलटी का दिसते. मोबाइल बाईंच्या समोरच्या बाजूने बांधला होता, त्यामुळे खर्ज (खालचे स्वर) उजवीकडे. वाजवणाऱ्याला दिसते तशी हवी. शॉटकटमध्ये फिरवण्याचा फिल्टर १८० अंशांवर लावून काम झालं. आरसा-फिल्टर लावू नका; त्याने डावं-उजवं सुधारल्यासारखं दिसतं, पण बाईंचा उजवा हात डावा होतो. तिन्ही धडे पुन्हा एक्सपोर्टला लावलेत.

आतापर्यंतचा खर्च : रॅम, एसएसडी, क्लॅम्प मिळून २,८५० रुपये, पेनड्राइव्हचे पैसे पालकांनी दिले. सॉफ्टवेअरला शून्य.

भैरवसाठी बाईंनी पुढच्या शनिवारची पहाटेची वेळ दिलीय. रागाची वेळ तीच, आणि तेव्हा गोखले रोडवर हॉर्नही नसतात. पत्र्यावर जुनी सतरंजी टाकायची आहे, ती मी घेऊन जातेय.